दुरांता काढून करवंद : एका कुंपणाची पाच वर्षं

ताईच्या घराला पश्चिमेकडून 24 मीटरचं तारेचं कुंपण आहे. पाच वर्षांपूर्वीपर्यंत त्या तारेला लागून सोनेरी दुरांताची एकेरी रांग होती. दर तीन आठवड्यांनी कात्री फिरायची, त्यामुळे रांग बाहेरून भिंत घातल्यासारखी दिसायची. रंग पोपटी-पिवळा, वरची कड सुतात. एकदा मी तिच्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. पानांचा थर जेमतेम वीतभर होता आणि त्याच्याआड नुसत्या वाळक्या काटक्या होत्या. एवढ्या वर्षांच्या छाटणीत त्या रांगेला कधी फूल धरू दिलेलं नव्हतं, मग फळाचं नावच नको.

प्रश्न ताईनेच काढला. घरासमोर एक पडीक प्लॉट होता. बोरी, घाणेरी, रुई, वाळलेलं गवत असं काहीबाही माजलेलं. "अरे, आपली बाग इतकी हिरवी आहे, रोज पाणी घालते मी. तरी सगळे पक्षी त्या उकिरड्यावर का बसतात? इथे नुसते तारेवर टेकतात आणि जातात," ती म्हणाली. पुढची पाच वर्षं मी त्या 24 मीटरवर जे केलं आणि जे तिथे घडलं, त्याची ही नोंद आहे. चुका बऱ्याच झाल्या. त्याही लिहितो, कारण शिकायला मिळालं ते बरंचसं त्यांच्यातूनच.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवून घेतली आणि ती शेवटपर्यंत धरली. पक्षी कुंपणावर बसला, फळ खाऊन गेला, याला यश म्हणायचं नाही. फळ बुलबुल घाणेरीचंही खातो आणि मोकळं सोडलं तर दुरांताचंही. घाणेरी आणि दुरांता दोन्ही अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली झुडपं. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून भारतात आणली गेली आणि तिने पुढे जंगलंच्या जंगलं व्यापली, त्यात फळं खाऊन बिया टाकत फिरणाऱ्या पक्ष्यांचा मोठा हात आहे. तेव्हा पक्षी येतात एवढ्यावरून झाड योग्य ठरत नाही. कुंपणात घरटं झालं, पिल्लं वाढली आणि उडाली, तर ते कुंपण जमलं. ही कसोटी कडक होती, पण तिच्यामुळेच झाडांची निवड सोपी झाली.

पिल्लं वाढायची तर आळ्या लागतात. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-आळ्या भरवते. फुलातला मध पिणारा शिंजीर पिल्लांच्या चोचीत कोळी आणि बारीक किडे घालतो. आणि आळ्या कुठल्याही झाडावर होत नाहीत. बऱ्याच फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या आळ्या ठरावीक झाडांची पानंच खातात, हजारो वर्षांच्या सहवासातून जमलेली ही जोडी असते. 2018 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन डी.सी.च्या परिसरातल्या घरबागांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅरोलिना चिकडी हा त्यातला पक्षी, आकाराने आपल्या चिमणीहूनही लहान. ज्या बागांमधल्या झाडोऱ्यात स्थानिक झाडांचा वाटा 70 टक्क्यांपेक्षा कमी होता, तिथे त्या पक्ष्याची संख्या टिकण्याइतकी पिल्लं वाढत नव्हती. तो आकडा उचलून आपल्या बुलबुलाला चिकटवता येणार नाही. पण कारण तेच आहे: परक्या झाडांवर आळ्या कमी, म्हणून पिल्लं उपाशी.

जागा आणि आखणी

घर कमी पावसाच्या पठारी भागात आहे. जमीन हलकी, दोन फुटांखाली मुरूम. पश्चिमेची कड म्हणजे दुपारनंतरचं सगळं ऊन आणि पावसाळ्यातला सगळा वारा तिच्यावर. कुंपणाच्या तारेपासून पायवाटेपर्यंत 1.8 मीटर रुंदी मिळत होती. ती पूर्ण मागून घेतली, कारण एकेरी रांगेत पक्ष्याला लपायला खोली मिळत नाही. मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पोचणार नाही इतकं आत जाता आलं तरच तिथे घरटं होतं.

तारेपासून 60 सेंटीमीटरवर पहिली रांग, तिच्यापासून 75 सेंटीमीटरवर दुसरी. दोन रोपांत 90 सेंटीमीटर. दुसऱ्या रांगेतलं रोप पहिल्या रांगेतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल अशी आडवी-तिडवी मांडणी, म्हणजे वाढल्यावर फटी राहत नाहीत. बाहेरची रांग काटेरी: करवंद 18, पांढरफळी 6, बोर 3. आतली रांग फुलांची आणि पानांची: अडुळसा 9, कुंती 5, मुरुडशेंग 4, धायटी 4, कढीपत्ता 3, निर्गुडी 2. उरलेल्या पुढच्या पट्टीत पिवळ्या कोरांटीची 12 रोपं, गुडघ्याएवढ्या उंचीची झालर म्हणून. एकूण 66.

या यादीमागचा हिशेब वर्षभराचा होता. अडुळसा आणि कोरांटी थंडीत फुलतात. धायटीच्या लाल नळ्या थंडी सरताना, पानं झडलेल्या फांद्यांवर लागतात. करवंद उन्हाळ्यात पिकतं, कढीपत्त्याची काळी फळं पावसाळ्याच्या तोंडाला, मुरुडशेंग पावसात फुलते. कुंती पाऊस पडून गेला की एकदम पांढरी होते आणि मग तांबडी फळं धरते. एकाच महिन्यात सगळं बहरून बाकी वर्ष कोरडं गेलं तर पक्षी पाहुण्यासारखे येऊन जातात. आणि प्रत्येक हंगामात कुठेतरी कोवळी पालवी असावी, कारण आळी पालवीवर वाढते. कढीपत्ता आणि कुंती मॉर्मन फुलपाखराच्या आळ्यांसाठी, बोर छोट्या पियरो फुलपाखरांसाठी, कोरांटी लेमन पॅन्सीसाठी.

इथे 'देशी' या शब्दाबद्दल थोडं. देश मोठा आहे. समुद्रकाठचं झाड देशी असतं, पण ते मुरमाड पठाराचं असेलच असं नाही. मी घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या टेकडीवर तीन वेळा जाऊन आलो, वेगवेगळ्या हंगामात. उन्हाळ्यात कुणी पाणी घालत नसताना तिथे जे हिरवं होतं ते यादीत घेतलं. यादी करायची यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही. कढीपत्ता तेवढा टेकडीवर नव्हता, तो ताईच्या परसात आधीपासून होता आणि त्याच्या मुळांना फुटलेले धुमारे फुकट मिळाले.

अर्धी रांग आधी

दुरांता एका फटक्यात काढायचा माझा बेत होता. ताईने अडवलं. "संध्याकाळी येऊन बघ एकदा," म्हणाली. बघितलं तर चाळीसेक चिमण्या त्या पोकळ रांगेत मुक्कामाला उतरत होत्या. दिवसा ज्या झाडाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तेच रात्रीचं छप्पर होतं. तिथे मी चुकलो असतो. जुनं कुंपण वाईट असलं तरी कुणाचा तरी आसरा असतं, आणि नव्या कुंपणाला आसरा व्हायला तीन वर्षं लागतात. म्हणून उत्तरेकडचे 12 मीटर पहिल्या वर्षी, दक्षिणेकडचे 12 दुसऱ्या वर्षी असं ठरलं. ज्यांना जुनं काढून नवं लावायचं आहे त्यांना मी हीच एक गोष्ट सर्वात आधी सांगतो.

जानेवारीत उत्तरेचा दुरांता कापला. त्या दिवसांत घरटी नसतात, तरी फांदीन् फांदी बघून घेतली. खुंट पहारीने उकरून काढावे लागले, नाहीतर फुटवे येत राहतात. खड्डे दीड फुटाचे घेतले आणि पूर्ण उन्हाळा तापू दिले. पहिले दोन पाऊस झाल्यावर, माती वीतभर खोल भिजली याची खात्री करून, जूनमध्ये 33 रोपं लावली. खड्ड्यात उकरलेलीच माती आणि थोडं कुजलेलं शेणखत, बाकी काही नाही. रानातल्या झाडाला खुराक दिला की ते उंच आणि विरळ वाढतं, ते मला नको होतं.

पहिली मोठी चूक रोपं आणण्यात झाली. उत्तरेच्या भागासाठी 9 करवंदं एका नर्सरीतून घेतली. पाटीवर करवंद लिहिलं होतं, पान गुळगुळीत हिरवं, काटे होते, मी फार बघितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या 6 झाडांना रुपयाहून मोठी, जाड पाकळ्यांची पांढरी फुलं आली. ते नाताळ करवंद निघालं, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागातलं, शोभेसाठी विकतात ते. आपल्या करवंदाचं फूल बोटाच्या पेराएवढं, झुपक्यात येणारं आणि आत गुलाबी झाक असलेलं असतं, पानही त्यामानाने पातळ. काटा बघून फरक ओळखायला जाऊ नये, दोघांनाही असतो. पान जाड, मेणचट आणि जवळजवळ गोल दिसलं की शंका घ्यावी.

नशिबाने पहिल्याच मे महिन्याच्या शेवटी मी टेकडीवरच्या करवंदाच्या बिया लावल्या होत्या. करवंदाचं बी साठवून चालत नाही, त्याची उगवण फार लवकर जाते. पिकलेलं फळ कुस्करून, गर धुवून, सावलीत एक दिवस सुकवून लगेच पिशवीत टाकावं. तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतात. ती रोपं वर्षाची झाल्यावर दुसऱ्या जूनमध्ये नाताळ करवंदाच्या जागी आणि दक्षिणेच्या अर्ध्या भागात लागली. अडुळसा, निर्गुडी आणि कोरांटी पावसाळ्यात काडी खोचून सहज लागतात. मुरुडशेंगेच्या बीचं कवच कठीण, त्यावर गरम पाणी ओतून रात्रभर ठेवल्याशिवाय ते हलत नाही.

दुसरी चूक पाण्याची. ठिबकची एकच नळी सगळ्या रोपांना सारखी टाकली. अडुळसा खूश झाला, धायटी मेली. धायटी उतारावर, निचऱ्याच्या जागी वाढणारी. चारपैकी तीन पहिल्या दोन वर्षांत मुळं कुजून गेली. ती जागा अजून रिकामी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

तिसरं वर्ष

तिसऱ्या वर्षी गोष्टी बिघडल्या आणि सुधारल्या, दोन्ही एकदम.

अडुळसा आणि निर्गुडी दोन पावसाळ्यांत डोक्याच्या वर गेली. करवंद मात्र पहिल्या दोन वर्षांत गुडघ्यापर्यंत आलं नव्हतं. ते आधी मुळं धरतं, वर दिसत काहीच नाही. अडुळशाच्या सावलीत करवंदाच्या आतल्या बाजूच्या फांद्या मरायला लागल्या. म्हणजे काटेरी गाभा तयार होण्याआधीच मी त्याच्यावर छत घातलं होतं. मार्चमध्ये, अडुळशाची फुलं संपल्यावर, मी तो दोन फुटांवर आणला. ताईला जिवावर आलं. "एवढं वाढवलं आणि आता कापतोस?" पण अडुळसा खालून दुप्पट फुटला आणि करवंदाला दोन महिने ऊन मिळालं. तेव्हापासून हे दरवर्षी मार्चमध्ये होतं. आता पुन्हा कुणासाठी असं कुंपण लावायचं झालं तर करवंद एक वर्ष आधी लावीन आणि वेगाने वाढणारी झुडपं मागून आणीन.

त्याच पावसाळ्यात कढीपत्त्यावर आळ्या आल्या. लहानपणी या आळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, तपकिरी-पांढऱ्या आणि ओल्या चकाकीच्या. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. आठ दिवसांत एका झाडाच्या नुसत्या काड्या राहिल्या. बागेत काम करायला येणाऱ्या दादांनी फवारणीचा पंप काढला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, इतकी वर्षं याच कामासाठी त्यांना शाबासकी मिळत होती. मी त्यांना म्हटलं, "दादा, एक आठवडा थांबा. नाही काही झालं तर मारा." पाचव्या दिवशी सकाळी शिंपी त्या काड्यांवर उड्या मारताना दिसला. शेपूट ताठ वर, प्रत्येक काडी खालून-वरून तपासत. एक हिरवी आळी त्याने फांदीवर तीन-चारदा आपटली आणि घेऊन अडुळशात शिरला. थोड्या वेळाने परत आला. दादा पंप हातात धरून हे बघत होते. त्यांनी पंप धुवून ठेवला. कढीपत्त्याला पंधरा दिवसांत नवी पालवी आली.

कीटकनाशक बंद करणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वात स्वस्त आणि सर्वात अवघड गोष्ट. खड्डे कुणीही खणतो. खाल्लेलं पान बघून गप्प बसायला मात्र मन तयार करावं लागतं. स्थानिक झाडं लावून त्यांच्यावर फवारणी करणं म्हणजे ताट वाढून त्यात राख टाकणं.

आणि त्याच वर्षी शेजारच्या काकांची तक्रार आली. रास्त होती. करवंदाची एक फांदी तारेतून त्यांच्या बोळात गेली होती आणि त्यांच्या नातवाच्या हाताला ओरखडा आला होता. "ताई, अहो हे रान कशाला माजवलंत? उद्या साप निघाला तर जबाबदार कोण?" सापाची भीती खोटी म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. दाट झुडपात सरडे येतात, बेडूक येतात, कधी साप येऊ शकतो. पण साप मुख्यतः उंदरांच्या मागे येतो, आणि उंदीर दाण्यांच्या मागे. ताई रोज कुंपणाच्या बुडाशी पक्ष्यांसाठी धान्य टाकत होती. ते बंद केलं. दगड-विटांचा एक ढीग होता, तो उचलला. पालापाचोळा झुडपांच्या खाली ठेवला, कारण सातभाई तो उलटापालटा करूनच किडे शोधतात. पायवाटेचा पट्टा मात्र रोज झाडून स्वच्छ. आणि काकांच्या बाजूने कुंपण डिसेंबरमध्ये सरळ छाटायचं, तारेच्या एक फूट आत, बुडाशी थोडं रुंद आणि वर निमुळतं, म्हणजे खालच्या फांद्यांनाही ऊन मिळतं आणि कुंपण पायाशी उघडं पडत नाही. काकांना त्यांच्या बाजूने आता नीटनेटकी हिरवी भिंत दिसते. आतल्या बाजूला रान आहे. या वाटणीवर त्यांची तक्रार मिटली, आणि मलाही वाटतं की वस्तीत असं कुंपण टिकवायचं तर शेजाऱ्याकडची कड आधी सांभाळावी.

चौथं वर्ष : दोन घरटी

चौथ्या जुलैत मुरुडशेंगेवर शिंप्याचं घरटं झालं. मुरुडशेंगेचं पान रुंद, गोलसर आणि खरखरीत. दोन पानं एकमेकांकडे ओढून घेतलेली होती. कडेला बारीक भोकं पाडून त्यातून कापसाचे आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवलेले. मी जवळून पाहिलं तेव्हा कळलं, ती शिवण सलग नसते. प्रत्येक टाका वेगळा, आणि धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला पिंजारलेलं, त्यामुळे ते भोकातून मागे सरकत नाही. रिबीट ठोकल्यासारखं. पानं जिवंत, हिरवी. चार फुटांवरून जाणाऱ्याला फक्त एक जरा वाकडं वाढलेलं पान दिसलं असतं. त्याच फांदीवर मुरुडशेंगेची फुलं होती, ताजी विटकरी लाल आणि शिळी शिशासारखी करडी-निळी, आणि जांभळा शिंजीर फक्त लाल फुलांपाशी थांबत होता. घरट्यातून महिन्याभराने तीन पिल्लं बाहेर पडली. ताईने ती करवंदाच्या फांदीवर एकमेकांना चिकटून बसलेली पाहिली आणि मला फोन केला. कसोटी पहिल्यांदा त्या दिवशी पार पडली.

दुसरं घरटं बुलबुलाचं. करवंदात, छातीच्या उंचीवर, बारीक काटक्यांची वाटी. तीन अंडी, गुलाबीसर पांढऱ्यावर तांबड्या ठिपक्यांची. त्या घरट्याचं नुकसान माझ्यामुळे झालं. मला रोजची नोंद हवी होती. रोज सकाळी मी दोन फांद्या बाजूला करून फोटो घ्यायचो. पाचव्या दिवशी फांद्या पूर्ण जागेवर आल्याच नाहीत, एक खिडकी राहिली. सहाव्या दिवशी भारद्वाज त्या खिडकीतून आत शिरताना मी पायवाटेवरून पाहिला. मी पोचेपर्यंत वाटी रिकामी होती. भारद्वाजही याच कुंपणाचा रहिवासी, अंडी-पिल्लं हे त्याचं खाणं, त्याला दोष नाही. आसरा होता तो काट्यांचा आणि पानांचा, आणि तो मी उघडला. आता घरटं असल्याची शंका आली की आम्ही त्या बाजूला जातच नाही. पक्षी चोचीत आळी घेऊन आत जातोय आणि रिकाम्या चोचीने बाहेर येतोय, एवढं पायवाटेवरून दिसलं की पुरे.

पाण्याचं भांडंही त्याच वर्षी हलवलं. आधी ते कुंपणाला अगदी लागून होतं, आणि शेजारचं मांजर अडुळशाच्या बुडाशी दबा धरून बसायचं. आता ते कुंपणापासून दोन मीटरवर, मोकळ्या जागेत आहे. मांजराला लपून गाठता येत नाही आणि पक्ष्याला एका झेपेत काट्यात शिरता येतं. उथळ मातीचं भांडं, पाणी दोन बोटं, मध्ये एक दगड. रोज पाणी बदलायचं, म्हणजे डास होत नाहीत.

हिशेब मांडताना

दर रविवारी सकाळी अर्धा तास ताई पायवाटेवर खुर्ची टाकून बसते आणि वहीत लिहिते. त्या वहीवरून सांगायचं तर दुरांताच्या काळात रांगेत शिरणारे पक्षी दोनच होते, चिमणी आणि अधूनमधून बुलबुल. आता लालबुड्या बुलबुल, शिंपी, राखी वटवट्या, दोन प्रकारचे शिंजीर, चष्मेवाला, सातभाई, भारद्वाज, होला आणि मुनिया नेमाने दिसतात. कढीपत्त्याला फळं आली की कोकीळ येतो. चिमण्या मुक्कामाला पुन्हा उतरू लागल्या, आता करवंद आणि बोरीच्या गाभ्यात.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला समोरचा पडीक प्लॉट साफ झाला, तिथे आता इमारत आहे. त्याच महिन्यांत ताईच्या वहीतली नावं भराभर वाढली. काही पक्षी आमच्या कुंपणाने आणले नाहीत, त्यांचं घर मोडलं म्हणून ते इकडे आले. 24 मीटरचं कुंपण त्या प्लॉटची भरपाई करू शकत नाही. सातभाईंचा थवा तिथे दिवसभर असायचा, इथे तो सकाळी एक फेरी मारून जातो. मुनियांची मोठी झुंड कुठे गेली ते आम्हाला कळलं नाही, चार-पाच जोड्या मात्र इथे राहिल्या. आमचं कुंपण तेव्हा तीन वर्षांचं होतं म्हणून त्या राहू शकल्या. प्लॉट साफ झाल्यावर लावायला घेतलं असतं तर उशीर झाला असता.

पक्षी आपल्याबरोबर बियाही आणतात. महिन्यातून एकदा मी आणि दादा कुंपणाखाली बसून रोपं तपासतो. घाणेरीचं रोप पान चुरगळल्यावर येणाऱ्या उग्र वासावरून ओळखू येतं, ते मुळासकट उपटतो. कडुनिंब आणि पिंपळही काढावे लागतात, कुंपणात त्यांना जागा नाही. एक रानतोंडलीचा वेल मात्र आपसूक उगवला तो ठेवला. त्याची पिकलेली लाल फळं बुलबुल टोकरून पोकळ करतो, साल तशीच वेलावर लटकत राहते. हा वेल मी लावला नसता आणि आता तो काढायला ताई देणार नाही.

छाटणीचं वेळापत्रक शेवटी असं बसलं: अडुळसा मार्चमध्ये, बाहेरची कड डिसेंबरमध्ये, आणि आतली बाजू एका वर्षी एक तृतीयांशच. छाटलेल्या भागातल्या करवंदाला त्या वर्षी फुलं कमी येतात, पण उरलेल्या दोन भागांत भरपूर असतात. एप्रिल ते ऑक्टोबर कात्री भिंतीवर टांगलेली.

यंदा डिसेंबरची छाटणी झालेली नाही. बाहेरच्या रांगेत, काकांच्या बाजूलाच, करवंदात मुनियांचं गवताचं घरटं आहे. नारळाएवढा चेंडू, बाजूला तोंड. मुनियांची वीण पावसाळ्यातली, पण त्या उशिरापर्यंत रेंगाळतात. नर अजून तोंडात गवताची लांब पात घेऊन येताना दिसतो, त्यामुळे आत काय चाललंय ते नक्की सांगता येत नाही आणि मी बघायला जाणार नाही. काकांना विचारलं. त्यांच्या बाजूला तीन फांद्या तारेबाहेर आल्या आहेत. त्यांनी त्या फांद्यांना लाल फडकं बांधलं, नातवाला दाखवलं आणि म्हणाले, "जानेवारीत करा, काही बिघडत नाही."

धायटीच्या रिकाम्या जागी दोन मीटरचं भगदाड आहे, तिथून मांजर अजून आत येतं. ठिबक तिथून काढून टाकलंय, मुरूम टाकून जागा वीतभर उंच केली आहे. टेकडीवरून आणलेल्या धायटीच्या बियांची पाच रोपं पिशव्यांमध्ये बोटभर झाली आहेत आणि शेजारी करवंदाची आठ. जूनपर्यंत ती हाताएवढी होतील.